वीजबंदीच्या वेळेतले आईपण : ब्रिटनमधील १९४७ चा हिवाळा

१/२४
सोमवार, १० फेब्रुवारी १९४७. इंग्लंडच्या मोठ्या भागात सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ या वेळेत घरात वीज वापरण्यावर त्या दिवसापासून बंदी आली. पुढे हे निर्बंध देशाच्या इतर भागांतही गेले. त्या हिवाळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते मुख्यतः कोळसा, कारखाने आणि सरकारची नाचक्की यांविषयी. बंदीच्या त्या पाच तासांत घरी असायची ती आई, आणि तिच्या पायात घोटाळणारे दोन-तीन वर्षांचे मूल. त्या दोघांचा हा इतिहास.

२/२४
प्रथम हवामान. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली आणि ती हटेना. २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडला. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी सतराव्या शतकापासून उपलब्ध आहेत. त्यांतला सर्वांत थंड फेब्रुवारी हाच. लंडनजवळील क्यू येथील वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी या काळात सूर्यप्रकाशाची नोंदच झाली नाही. दिवसा दिवे नाहीत आणि खिडकीबाहेर ऊनही नाही, अशी ती अवस्था होती.

३/२४
देश कोळशावर चालत होता. वीज कोळशाची, गॅस कोळशाचा, आगगाड्या कोळशाच्या आणि घरातील शेकोटीही कोळशाची. १ जानेवारी १९४७ रोजी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा वीजकेंद्रांकडील साठे आधीच तोकडे होते. बर्फाने रेल्वेमार्ग बुजले आणि भरलेल्या वाघिणी जागच्या जागी अडकल्या. मार्ग मोकळे करण्यासाठी सैनिकांना, तसेच युद्धकैद्यांनाही फावडी देण्यात आली. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी संसदेत वीजकपातीची घोषणा केली.

४/२४
सुमारे वीस लाख कामगार काही आठवड्यांसाठी बेकार झाले. बीबीसीची दूरचित्रवाणी महिनाभर बंद राहिली आणि साप्ताहिकांचे अंक दोन आठवडे निघाले नाहीत. घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अनेक ठिकाणी वडीलही दिवसभर घरी आले. तेही थंडीत, मजुरीविना आणि हाताला काम नसताना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मूल सांभाळणे हे त्यांचे काम मानले जात नव्हते. त्यामुळे आईच्या वाट्याचे काम कमी होण्याऐवजी घरातील माणसांची गर्दी तेवढी वाढली.

५/२४
गर्दी कशी, हे समजण्यासाठी तेव्हाचे घर डोळ्यांसमोर आणले पाहिजे. सामान्य घरात सर्व खोल्या ऊबदार करण्याची सोय नव्हती. शेकोटी पेटे ती एका खोलीत, आणि सारे कुटुंब त्याच खोलीत. तिथेच स्वयंपाकाची तयारी, तिथेच ओले कपडे, तिथेच आजारी माणूस. चालायला नुकतेच शिकलेले मूलही तिथेच, उघड्या विस्तवापासून चार पावलांवर. अशा खोलीत मुलाला रमवणे ही हौस नव्हती. त्याला भाजण्यापासून वाचवण्याचा तो उपाय होता.

६/२४
एरवी या मुलांचा दिवस घराबाहेर जाई. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांच्या शिकवणीचा ब्रिटिश मातांवर दोन पिढ्या पगडा होता. दूध ठरलेल्या वेळी आणि मोकळी हवा भरपूर, हे तिचे सार. तान्हे मूल बाबागाडीत घालून अंगणात ठेवायचे. चालते झाले की रोज उद्यानात न्यायचे. १९४७ च्या फेब्रुवारीत बाबागाडीची चाके बर्फात रुतू लागली. कपड्यांवर अजून रेशन होते, त्यामुळे वाढत्या पायांना नवे बूट घेतानाही कुपनांचा हिशेब करावा लागे. दिनक्रमाचा कणाच मोडला.

७/२४
मग लंगोट. ते कापडी असत. रोज उकळायचे, पिळायचे आणि वाळवायचे. बाहेरच्या दोरीवर टाकले तर ते गोठून लाकडासारखे ताठ होत, म्हणून ते शेकोटीसमोर वाळत आणि खोलीतील ऊब शोषून घेत. साबणावरही रेशन होते. याच १९४७ साली व्हॅलरी हंटर गॉर्डन या इंग्रज मातेने आपल्या तिसऱ्या अपत्यासाठी पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवून आत फेकून देता येणारी घडी बसवली. ‘पॅडी’ या नावाने ती पुढे बाजारात आली. शोधामागचे कारण साधे होते : तिला लंगोट धुण्याचा कंटाळा आला होता.

८/२४
खेळण्यांचीही वानवा होती. युद्धकाळात धातूची खेळणी बनवण्यावर बंदी होती. युद्ध संपल्यावर कारखाने पुन्हा सुरू झाले, तरी देशाला परकीय चलन हवे असल्याने निर्यातीला प्राधान्य मिळाले. त्यामुळे १९४७ मध्ये दोन वर्षांच्या मुलापुढे जे आले ते घरातलेच : दोऱ्याची रिकामी रिळे, कपड्यांचे लाकडी चिमटे, पातेल्यांची झाकणे, बटणांचा डबा, जुन्या मोज्याची बाहुली. रिळे ओवायची, चिमटे डब्याच्या कडेला लावायचे, झाकणे जोडी लावून बसवायची. शेजार सहनशील असेल तर वाजवायचीही.

९/२४
हा केवळ नाइलाज होता असे मात्र नाही. त्यामागे एक विचारही उभा होता. सुझन आयझॅक्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ ते १९२७ या काळात केंब्रिजच्या माल्टिंग हाउस शाळेत लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. १९२९ पासून काही वर्षे त्या ‘नर्सरी वर्ल्ड’ या नियतकालिकात ‘अर्सुला वाइज’ या टोपणनावाने मातांच्या आणि दायांच्या पत्रांना उत्तरे देत. मूल वस्तू फेकते, चावते, रात्री ओरडत उठते, एका जागी बसत नाही, अशा तक्रारी घेऊन वाचक त्यांच्याकडे येत.

१०/२४
आयझॅक्स यांच्या विचाराचा गाभा असा : लहान मूल हातांनी विचार करते. ओतणे, भरणे, रिकामे करणे, फाडणे, रचून पाडणे ही त्याची शोधाची रीत आहे. तिला खोडसाळपणा समजणे ही मोठ्यांची चूक. म्हणून पाणी, वाळू, माती, ठोकळे यांसारख्या ज्यांचे रूप मुलाला बदलता येते अशा वस्तू द्याव्यात. मनाई थोड्याच गोष्टींची असावी आणि ती ठाम असावी. पाण्याची एक परात आणि दोन पेले अर्धा तास मूल का रमवतात, याचे उत्तर या विचारात मिळते.

११/२४
पण उपदेश आणि परिस्थिती यांत अंतर होते. गोठलेल्या नळाच्या घरात परातभर पाणी खेळायला कोठून द्यायचे? कणकेचा गोळा हे मुलांचे आवडते खेळणे. परंतु जुलै १९४६ पासून ब्रिटनमध्ये पाव आणि पीठ यांवर रेशन आले होते. युद्ध चालू असताना जे झाले नव्हते ते युद्ध जिंकल्यावर झाले. खेळून मळलेले पीठ म्हणजे कुटुंबाच्या शिध्यातील तेवढी घट. कागदाचीही टंचाई होती. मुलाला रमवण्याच्या प्रत्येक युक्तीला त्या हिवाळ्यात किंमत मोजावी लागत होती.

१२/२४
तरीही मुले रमली. दोन वर्षांच्या जिवाला टंचाई कळत नाही. त्याला झाकण पुरते. खरी कसोटी होती ती त्याच्यासमोर दिवसभर बसलेल्या मोठ्या माणसाची. तीन वर्षांच्या मुलाशी बोलता येते, पण संवाद होत नाही. तेच झाकण पन्नास वेळा उचलून देता येते, पण त्यात मन गुंतत नाही. आणि ही कसोटी त्या पिढीच्या मातांना एकटीने द्यावी लागली, याला नैसर्गिक आपत्तीखेरीज काही माणसांनी घेतलेले निर्णयही कारणीभूत होते.

१३/२४
युद्धात स्त्रियांचे श्रम हवे होते, म्हणून सरकारी खर्चाने पाळणाघरे उभी राहिली. १९४४ पर्यंत त्यांची संख्या सुमारे दीड हजारांवर गेली. तिथे जेवण होते, खेळ होते, प्रशिक्षित बायका होत्या. युद्ध संपले. डिसेंबर १९४५ मध्ये आरोग्य खात्याने परिपत्रक काढून भूमिका मांडली, की दोन वर्षांखालील मुलाची योग्य जागा घरी, आईजवळ आहे. पुढच्या वर्षी केंद्राचे अनुदान घटले आणि एकेक पाळणाघर बंद होऊ लागले. थंडीची लाट आली ती या बंद होणाऱ्या दारांवर.

१४/२४
दुसरा निर्णय घरांचा. बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांतील कुटुंबांना नवी, हवेशीर घरे देण्याचे काम सुरू झाले. १९४६ मध्ये नवनगरांचा कायदा झाला. नव्या घरांत न्हाणीघर होते, अंगण होते. आजी मात्र दोन बस बदलून जाण्याइतकी दूर राहिली. जुन्या गल्लीत उंबऱ्यावर बसून मुलाकडे एक डोळा ठेवणारी शेजारीण, ‘दहा मिनिटे बघ’ म्हणून मूल जिच्या हाती द्यावे ती मावशी, हे सारे जुन्या जागी उरले. आपल्याकडील वाडा सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

१५/२४
आता एक विलक्षण योगायोग. वीजबंदीच्या घोषणेच्या दोनच दिवस आधी, ५ फेब्रुवारी १९४७ रोजी, लंडनमध्ये ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेपुढे डोनाल्ड विनिकॉट यांनी एक निबंध वाचला. विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ. पॅडिंग्टन ग्रीन येथील बालरुग्णालयात त्यांनी अनेक दशके माता आणि मुले तपासली. निबंधाचा मुख्य विषय गंभीर मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात उठणारा तिरस्कार हा होता. पण दाखला देताना ते आईकडे वळले आणि त्या काळी उघडपणे न बोलली जाणारी गोष्ट बोलून गेले.

१६/२४
आईला आपल्या बाळाचा रागही येतो, तिरस्कारही वाटतो. आणि त्याला सबळ कारणे आहेत, असे त्यांनी सांगितले व कारणांची लांबलचक यादीच दिली. बाळ तिला बिनपगारी दासीसारखे वागवते. सकाळभर तिचा जीव काढते आणि बाहेर नेताच परक्या माणसाकडे पाहून असे गोड हसते, की तो त्याचे कौतुक करतो. थोर गोष्ट ही, की आई हे सारे जाणते, सोसते आणि त्याचा सूड मुलावर उगवत नाही. ही भावना नाकारून नुसता गोडवा दाखवणे मुलाच्याही हिताचे नाही, असे त्यांचे मत होते.

१७/२४
हा निबंध तज्ज्ञांपुरता राहिला. सामान्य मातांपर्यंत विनिकॉट पोहोचले ते रेडिओवरून. १९४३ पासून ते बीबीसीवर पालकांशी बोलत होते. १९४९ मधील त्यांच्या भाषणमालेतून ‘साधीसुधी, जीव लावणारी आई’ ही कल्पना रूढ झाली आणि पुढे ‘पुरेशी चांगली आई’ ही. आदर्श माता होण्याची गरज नाही, पुरेशी चांगली असलीस तरी मूल वाढते, हा त्यांचा निरोप. एकट्या खोलीत तो ऐकणाऱ्या स्त्रीला मोठा दिलासा होता. तिचे एकटेपण मात्र त्याने संपले नाही.

१८/२४
१६ जानेवारी १९५० रोजी बीबीसीने ‘लिसन विथ मदर’ हा कार्यक्रम सुरू केला. रोज दुपारी पावणेदोनला, १५ मिनिटे : गाणी आणि एक छोटी गोष्ट, पाच वर्षांखालील मुलांसाठी. श्रोत्यांची संख्या लवकरच लाखांत गेली आणि कार्यक्रम १९८२ पर्यंत चालला. नावात ‘आईसोबत ऐका’ असे आहे. पण त्या पंधरा मिनिटांत जेवणानंतरची भांडी उरकून घेणाऱ्या किंवा नुसत्याच बसून राहणाऱ्या आया असणारच. मुलांच्या कार्यक्रमाचा एक लाभार्थी नेहमीच मोठा माणूस असतो.

१९/२४
दूरचित्रवाणीवर तर याच्या उलट सोय होती. संध्याकाळी ६ ते ७ या वेळेत प्रक्षेपणच बंद ठेवले जाई, म्हणजे मुलांचे कार्यक्रम संपले असे सांगून पालकांना लहानग्यांना झोपवता येईल. या खंडाला ‘टॉडलर्स ट्रूस’, म्हणजे ‘बाळांशी युद्धविराम’, असे मार्मिक नाव पडले. व्यापारी वाहिनीला तो तास गमावणे परवडेना. फेब्रुवारी १९५७ मध्ये हा युद्धविराम संपला. मुलांना झोपवणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, हे तेव्हाच्या सरकारने मान्य केले.

२०/२४
दरम्यान १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल आला. संस्थांत वाढणाऱ्या, आईपासून दीर्घकाळ तुटलेल्या मुलांचे दुःख त्यात होते आणि ते खरे होते. पण लोकांत तो झिरपला तो वेगळ्या रूपात : आईने मुलाजवळून क्षणभरही हलू नये. १९६० मध्ये शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने सरकारी शिशुवर्गांच्या विस्तारावर बंदी घातली. त्यामुळे सल्लाही घरीच थांबण्याचा आणि सरकारी दारही बंद, अशी दुहेरी कोंडी झाली.

२१/२४
ती फोडली दोन पत्रांनी. फेब्रुवारी १९६० मध्ये ‘गार्डियन’मध्ये बेटी जर्मन यांचा उपनगरातील कोंदट जीवनावर लेख आला. त्यावर मॉरीन निकोल यांनी पत्र लिहून सुचवले, की घरात अडकलेल्या, पण विचार करणाऱ्या स्त्रियांनी एकमेकींची नोंदवही ठेवावी. २५ ऑगस्ट १९६१ रोजी त्याच पत्रात बेल ट्युटेव्ह या लंडनमधील मातेचे पत्र छापून आले. शिशुवर्ग मिळत नसेल तर आयांनीच एकत्र येऊन खेळगट चालवावेत, असे त्यांचे म्हणणे. त्या स्वतः तसा एक चालवत होत्या. त्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

२२/२४
खेळगटाची रीत सोपी होती. चर्चचे सभागृह सकाळपुरते भाड्याने घ्यायचे. १९४८ च्या कायद्यानुसार नोंदणी करायची. घडीची टेबले मांडायची. वाळूची पेटी, पाण्याची परात, रंग, कणीक ठेवायची. दुपारी सारे आवरून कपाटात भरायचे. आयांनी पाळीपाळीने हजर राहायचे. आयझॅक्स यांनी सांगितलेल्याच वस्तू इथे होत्या. नवी गोष्ट एकच : त्या वस्तूंभोवती दुसरी आईही उभी होती. १९७० च्या दशकात देशभर लाखो मुले अशा गटांत जात होती.

२३/२४
संशोधनानेही हेच दाखवले. हॅना गॅव्हरॉन यांनी लंडनमधील ९६ तरुण मातांच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये आलेल्या पुस्तकाचे नाव होते ‘बंदिस्त पत्नी’. १९७८ मध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील अभ्यास मांडला. संकट कोसळल्यावर नैराश्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत त्यांना आढळले : मन मोकळे करायला जवळचे माणूस नसणे, घराबाहेर काम नसणे आणि घरी तीन किंवा अधिक मुले असणे. १९४७ ची ती खोली आता शास्त्राच्या भाषेत लिहिली गेली होती.

२४/२४
२०२०-२१ चा हिवाळा पुन्हा निर्बंधांचा आला, या वेळी महामारीमुळे. इंग्लंडमध्ये बाहेर एकाच व्यक्तीला भेटण्याची मुभा होती. पण सोबतचे पाच वर्षांखालील मूल मोजायचे नाही, असे ठरले. डिसेंबरपासून एक वर्षाखालील बाळाच्या कुटुंबाला दुसऱ्या एका कुटुंबाशी जोडून घेण्याची परवानगी मिळाली. पालक आणि बालकांच्या आधारगटांना पंधरा जणांपर्यंत सूट राहिली. १९४७ च्या आदेशात कोळशाचा हिशेब होता. आईला कोण भेटेल, याचा नव्हता. मुलाला झाकण पुरते, पण आईला दुसरे माणूस लागते, ही साधी गोष्ट निर्बंधांच्या नियमांत उतरायला त्र्याहत्तर वर्षे लागली.